शेतातील रात्रीच्या मुक्कामाभोवती इशाऱ्याची फिरती तार

व्याख्याता, कृषिविद्या विभाग

शेतीची बरीच कामे अशी आहेत की त्यासाठी माणसाला रात्री उघड्यावर मुक्काम करावा लागतो. भुईमूग, मका, हरभरा ही पिके काढणीला आली म्हणजे राखणीसाठी शेतकरी माळ्यावर किंवा बांधावर झोपतो. काढलेला कांदा, खळ्यावरील धान्य, तयार झालेली द्राक्षे किंवा डाळिंबे यांच्यासाठीही जागरण करावे लागते. दिवाळीनंतर धनगर बांधवांचे वाडे गावोगाव उतरतात व खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या जातात. गळीत हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या बायकामुलांसह पाचटाच्या कोप्यांत महिनोन्‌महिने राहतात. या सर्वांची अडचण एकच असते. दिवसभर राबलेल्या माणसाला झोप लागते, आणि नेमक्या त्याच वेळी रानडुक्कर, बिबट्या किंवा चोर येतो.

कुत्रा, शेकोटी, तारेला बांधलेले रिकामे डबे हे राखणीचे जुने उपाय आहेत व ते आजही उपयोगी आहेत. त्यांच्या जोडीला मुक्कामाभोवती उभारता येईल, सकाळी गुंडाळून ठेवता येईल आणि मुक्काम हलला की सोबत नेता येईल अशी इशारा देणारी तार कशी बसवावी, याची माहिती या लेखात दिली आहे. ही व्यवस्था साधी असून बरेचसे साहित्य तालुक्याच्या गावी मिळते. मात्र तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हे आधी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

इशारा म्हणजे वेळ

इशाऱ्याची तार कोणालाही अडवत नाही. ती कुंपण नव्हे आणि शस्त्रही नव्हे. ती आपल्याला फक्त काही सेकंदांचा वेळ मिळवून देते. तो वेळ किती मिळेल हे तार मुक्कामापासून किती लांब आहे यावर अवलंबून असते. मुक्कामाची जागा १० मीटर लांब व १० मीटर रुंद आहे असे धरून पुढील हिशोब केला आहे. चालण्याचा वेग ताशी ५ कि.मी. व धावत्या रानडुकराचा वेग ताशी ३० कि.मी. धरला आहे.

तक्ता १ : तारेचे अंतर, तारेचा घेर व मिळणारा वेळ

• अंतर १० मीटर : घेर १२० मीटर, चालत येणाऱ्यास ७ सेकंद, धावत येणाऱ्यास १ सेकंद
• अंतर २० मीटर : घेर २०० मीटर, चालत येणाऱ्यास १४ सेकंद, धावत येणाऱ्यास २.५ सेकंद
• अंतर ३० मीटर : घेर २८० मीटर, चालत येणाऱ्यास २१ सेकंद, धावत येणाऱ्यास ३.५ सेकंद

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. उधळलेल्या जनावरापुढे तारेचा फारसा उपयोग नाही. परंतु दबकत येणारा बिबट्या, हुंगत येणारे डुक्कर किंवा चाहूल घेत येणारा चोर यांच्या बाबतीत ती चांगले काम देते. दुसरे असे की, झोपडीला लागून बांधलेली तार जवळजवळ निरुपयोगी आहे. भोंगा वाजल्यापासून माणूस जागा होऊन, बॅटरी पेटवून, मुलांना मध्ये घेईपर्यंत किती वेळ लागतो हे एका रात्री प्रत्यक्ष घड्याळ लावून पाहावे. त्यास १२ सेकंद लागत असतील तर तार २० मीटरच्या आत बांधू नये.

इशाऱ्याचे प्रकार

१) डब्यांची तार : वीज लागत नाही व खर्च नगण्य येतो. परंतु वाऱ्याने डबे वाजतात आणि गाढ झोपेत त्यांचा आवाज ऐकू येईलच असे नाही.

२) चिमटा व भोंगा : दोरा ओढला गेला की चिमट्यातील पट्टी निसटते, मंडळ पूर्ण होते आणि भोंगा वाजतो. घरी बनवण्यास हा प्रकार सर्वांत सोपा आहे.

३) तुटणारी तार : बारीक तारेतून अगदी थोडा प्रवाह सतत चालू ठेवलेला असतो. तार तुटली की रिले सुटतो व भोंगा वाजतो. चोराने तार कापली तरी इशारा मिळतो, हा याचा मोठा फायदा. बारा व्होल्टचा, ४०० ओहम वेटोळ्याचा रिले वापरल्यास ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे बारा तासांच्या रात्रीत सुमारे ०.३६ अँपिअर-तास खर्च होतात. ही जोडणी माहितगार वायरमनकडून करून घ्यावी.

४) किरणांची जोडी : एका खुंटावरून निघणारा अदृश्य अवरक्त किरण समोरच्या खुंटावरील यंत्र ग्रहण करते. मध्ये कोणी आले की किरण तुटतो व इशारा मिळतो. मोकळ्या, सपाट जागी हे चांगले चालते. उसाची पाने किंवा वाढलेले गवत किरणात आले, दाट धुके पडले किंवा भिंगावर धूळ बसली तर मात्र त्रास होतो.

५) उष्णता ओळखणारा सेन्सर : यास बाजारात पीआयआर सेन्सर म्हणतात. प्राण्याच्या अंगातून निघणारी उष्णता त्याच्यासमोरून सरकली की तो जागा होतो. तो स्वतः कोणताही किरण सोडत नाही, त्यामुळे वीज फार कमी लागते.

चिमट्याचा इशारा घरी कसा करावा?

साहित्य : कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे ८, टाचण्यांसारख्या पितळी ड्रॉइंग पिना १६, मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा २०० मीटर, दोन पदरी वायर १०० मीटर, १२ व्होल्टचा भोंगा, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी, २ अँपिअरचा फ्यूज, एक बटण, लाकडी खुंट्या आणि दोरा ओवण्यासाठी तारेच्या कड्या. हे प्रमाण २० मीटर अंतरावरील, म्हणजे ५० मीटर बाजू असलेल्या चौकोनासाठी आहे.

कृती : चिमट्याच्या दोन्ही जबड्यांच्या आतल्या बाजूस एकेक पिन अशी टोचावी की चिमटा मिटला असता दोन्ही पिना एकमेकींना टेकतील. प्रत्येक पिनेला वायरचा एकेक पदर घट्ट गुंडाळावा. जुन्या डब्याच्या झाकणापासून दोन सेंटिमीटर रुंद व पाच सेंटिमीटर लांब अशी कडक प्लास्टिकची पट्टी कापून तिच्या एका टोकाला भोक पाडावे. पट्टी पिनांच्या मध्ये धरली की मंडळ तुटलेले राहते. पट्टीच्या भोकात नायलॉनचा दोरा बांधावा. दोरा ओढला गेला की पट्टी निघते, पिना टेकतात व भोंगा वाजू लागतो. पट्टी पुन्हा घालेपर्यंत तो थांबत नाही.

नायलॉनचा दोरा ताणला की लांबतो. म्हणून ५० मीटरचा एकच दोरा बांधू नये. तो दूरच्या टोकाला कोणी ढकलला तर नुसता ताणला जाईल आणि पट्टी जागची हलणार नाही. प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक खुंट रोवून त्यावर दोन चिमटे बसवावेत. तेथून डावीकडे व उजवीकडे २५-२५ मीटरचे दोन दोरे कोपऱ्यांपर्यंत न्यावेत व तेथे पक्के बांधावेत. दोरा कोपऱ्यावरून वळवू नये, कारण वळणावर तो घासतो आणि ओढ पट्टीपर्यंत पोहोचत नाही. मध्ये दर पाच-सहा मीटरवर खुंटी रोवून दोरा कडीतून मोकळा जाऊ द्यावा. चिमट्याचा जबडा दोऱ्याच्या रेषेतच असावा, तिरपा नसावा.

सुताचा किंवा तागाचा दोरा वापरू नये. दवाने भिजला की तो आखडतो, पट्टी ओढतो आणि पहाटे विनाकारण सर्वांची झोपमोड होते.

दोऱ्याची उंची जमिनीपासून ३५ ते ४० सेंटिमीटर ठेवावी. या उंचीला डुक्कर, बिबट्या व माणूस यांपैकी बहुतेकांचा पाय किंवा छाती अडते, आणि ससा, मुंगूस, मांजर खालून निघून जातात. जमीन उंचसखल असेल तेथे खुंट्या जवळजवळ रोवून ही उंची सारखी राखावी.

आठही चिमटे एकाच भोंग्याला समांतर जोडता येतात. परंतु मग जनावर कोणत्या बाजूने आले हे कळत नाही. शक्य असल्यास उसाच्या किंवा ओढ्याच्या बाजूस वेगळ्या आवाजाचा दुसरा भोंगा लावावा. अंधारात बॅटरीचा झोत कोठे टाकायचा हे पहिल्या क्षणी कळणे फार मोलाचे असते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच बसवावा. कोप्या पाचटाच्या असतात. वायर उघडी पडून ठिणगी उडाली तर वाऱ्यापावसापेक्षा मोठे संकट ओढवेल. बॅटरी झोपडीबाहेर, झाकण असलेल्या डब्यात ठेवावी.

भोंगा अर्धा अँपिअर प्रवाह घेत असेल तर ७ अँपिअर-तासाची बॅटरी हिशोबाने १४ तास पुरते; प्रत्यक्षात कमी धरावी. नुसत्या पहाऱ्यावर चिमट्याची व्यवस्था वीज खात नाही. १० वॅटचे लहान सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दोन-अडीच अँपिअर-तास भरून काढते, ते या कामास पुरेसे आहे.

तयार सेन्सर वापरताना घ्यावयाची काळजी

पीआयआर सेन्सर विकत घेतल्यास त्याच्या डब्यावर लिहिलेल्या अंतरावर विसंबून राहू नये. स्वतः चालून किती अंतरावर तो जागा होतो हे पाहावे व तेथे खुंटी रोवावी. हा सेन्सर समोरून आडव्या जाणाऱ्या जनावराला चटकन ओळखतो. सरळ त्याच्याच दिशेने येणाऱ्याला उशिरा ओळखतो. म्हणून तो मुक्कामाकडून बाहेर तोंड करून न बसवता, कोपऱ्यावर बसवून त्याचे तोंड बाजूच्या रेषेत ठेवावे.

सेन्सर प्राण्याची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतील फरक ओळखतो. हिवाळ्यात हा फरक मोठा असतो व काम चोख होते. मराठवाडा, विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी हवा व जमीन अंगाइतकीच तापलेली असते, त्या वेळी सेन्सर आंधळा झाल्यासारखा वागतो. उन्हाळ्यात निदान रात्रीच्या पहिल्या प्रहरात त्याच्या भरवशावर राहू नये, दोऱ्याची जोड द्यावी. सेन्सरसमोर शेकोटी, उन्हाने तापलेला पत्रा किंवा वाऱ्याने डोलणारे पीक येऊ देऊ नये. भिंगावर पाल किंवा किडे बसतात, म्हणून ते रोज पुसावे.

खोटा इशारा हाच खरा शत्रू

लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. इशाऱ्याच्या यंत्राचेही तसेच आहे. रात्रीत चार वेळा उगाच वाजलेला भोंगा पाचव्या वेळी कोणी तरी बंद करून झोपतो, आणि व्यवस्था असून नसल्यासारखी होते. तार लावण्याच्या कामापेक्षा खोटे इशारे कमी करण्याचे काम अधिक महत्त्वाचे आहे. त्यासाठी पुढील उपाय करावेत.

• तारेखालील एक मीटर रुंदीची पट्टी गवत, तण व पाचट काढून स्वच्छ ठेवावी.
• पहिला आठवडाभर प्रत्येक इशाऱ्याची वेळ, बाजू व कारण वहीत टिपावे. एकाच जागेहून पुन्हा पुन्हा इशारा येत असेल तर तेथील दोष शोधावा.
• बैल, शेळ्या व वासरे यांना तारेच्या आत आखूड दाव्याने बांधावे.
• रात्री बाहेर जाण्यासाठी एकच वाट ठेवावी. तेथे दिवा असावा व त्या बाजूचे बटण कोठे आहे हे लहानमोठ्या सर्वांना माहीत असावे. बाया व मुलांनी त्या वाटेने एकटे जाऊ नये. जाताना एकाने जागे राहावे व परत आल्यावर बटण पुन्हा चालू करावे.

याच्या उलट दोषही ध्यानात ठेवावा. चिमट्याची व्यवस्था बिघडली तरी ती गप्पच राहते. रात्र शांत गेली ती कोणी आले नाही म्हणून, की दोरा सैल पडला होता म्हणून, हे सकाळी कळत नाही. म्हणून रोज दिवस मावळताना प्रत्येक बाजूचा दोरा पायाने ढकलून भोंगा वाजतो की नाही हे पाहिल्याशिवाय झोपू नये.

मुक्कामाप्रमाणे मांडणी

राखणीचा मुक्काम : एक एकराच्या चौकोनी शेताचा घेर सुमारे २५५ मीटर व एक हेक्टरच्या शेताचा घेर ४०० मीटर भरतो. एवढ्या लांबीवर रोज रात्री दोरा लावणे अवघड आहे. रानडुकरे बहुधा ठरावीक वाटांनी येतात. बांधावरील खुरांचे ठसे, उकरलेली माती व झुडपांखालील वाट पाहून त्या बाजूस दोरा लावावा आणि आपल्या माळ्याभोवती वेगळा लहान घेर ठेवावा. एकाच आवाजाला जनावरे सरावतात. भोंग्याची जागा दर दोन-चार दिवसांनी बदलावी व इशारा मिळाल्यावर माणसाने स्वतः आवाज आणि उजेड करावा.

मेंढ्यांचा वाडा : मेंढ्या वाघरीच्या जाळीत असतात व कुत्री भोवती फिरतात. अशा ठिकाणी तार वाघरीपासून निदान २० मीटर बाहेर घ्यावी. कुत्री तार ओलांडून धावली तर तोही इशाराच समजावा, कारण ती उगाच धावत नाहीत. वाडा एक-दोन रात्रींत हलतो, म्हणून दोरे वेगवेगळ्या फिरक्यांवर गुंडाळून त्यांना बाजूंची खूण करून ठेवावी. म्हणजे नव्या जागी मांडणी लवकर होते.

ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या : येथे सर्वाधिक काळजी घेणे जरूर आहे. बिबट्या आता केवळ डोंगराळ जंगलात राहतो असे मानता येत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले भागात, दाट लोकवस्ती व बागायती शेती असलेल्या परिसरात झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांतही उसाच्या आडोशाने बिबट्या राहतो व मादी उसातच पिले घालते. तोडणी सुरू झाली की त्याचा आडोसा जातो व तो जागा बदलू लागतो. नेमक्या त्याच शेताजवळ कोप्या असतात.

म्हणून शेतमालकाने व मुकादमाने कोप्यांसाठी उभ्या उसाला लागून जागा देऊ नये. मध्ये मोकळे रान असावे, तरच तारेला अंतर मिळते. मांसाचे उष्टे-खरकटे दूर पुरावे, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. लहान मुलांना कडेला न झोपवता मोठ्या माणसांच्या मध्ये झोपवावे. इशाऱ्याच्या व्यवस्थेचा खर्च कामगारांवर न टाकता शेतमालक व कारखाना यांनी तो उचलावा, हे उचित होईल.

भोंगा वाजल्यावर काय करावे?

१) सर्वांनी एकत्र उभे राहावे. खाली बसू किंवा वाकू नये. मुलांना उचलून मध्ये घ्यावे.
२) ज्या बाजूने इशारा आला त्या बाजूस झोत टाकावा व मोठ्याने आवाज करावा.
३) बिबट्या दिसल्यास पळू नये, त्याचा पाठलाग करू नये, त्याला घेरू नये. त्याला निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी.
४) वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. उसात पिले आढळल्यास हात न लावता काम थांबवून कळवावे. मादी जवळपास असते.
५) चोर असल्याचा संशय आला तर एकट्याने अंधारात जाऊ नये. शेजाऱ्यांना हाक द्यावी व ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

हे कदापि करू नये

इशाऱ्याच्या तारेत घरगुती किंवा शेतीपंपाच्या लाइनची वीज सोडू नये. अशा तारेला चिकटून दरवर्षी माणसे व जनावरे मरतात. बळी जाणारा पुष्कळदा चोर नसून रात्रीच्या पाळीत पाणी द्यायला आलेला शेजारी किंवा घरचाच माणूस असतो. आकडा टाकून वीज घेणे हा विद्युत कायदा २००३ अन्वये गुन्हा आहे, माणूस दगावल्यास मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो आणि वन्यप्राणी मेल्यास वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. सौर कुंपणाचे झटका मशीन हे क्षणिक झटके देणारे वेगळे यंत्र आहे. त्याच्या जागी थेट वीज जोडणे म्हणजे सापळा लावणे होय. या लेखातील सर्व जोडणी १२ व्होल्टच्या बॅटरीवरच करावी. दोऱ्याला फटाके, स्फोटके किंवा बंदूक बांधू नये. पाणंद, पायवाट व मोटारसायकलच्या रस्त्यावर दोरा आडवा बांधू नये. शेजाऱ्यांना तारेची जागा सांगून ठेवावी व सकाळ होताच ती काढून घ्यावी.

थोडक्यात

• तार मुक्कामापासून २० ते ३० मीटर दूर असावी.
• दोरा नायलॉनचा, २५ मीटरपेक्षा लांब नसलेला व ३५ ते ४० सेंटिमीटर उंचीवर असावा.
• रोज संध्याकाळी चारही बाजू वाजवून पाहाव्यात.
• खोटे इशारे टिपून त्यांची कारणे दूर करावीत.
• भोंगा वाजल्यावर कोणी काय करायचे हे आधी ठरवून, एकदा सराव करावा.
• लाइनची वीज तारेत कधीही सोडू नये.

कोणतेही यंत्र माणसाच्या सावधपणाची जागा घेऊ शकत नाही. परंतु दिवसभर कष्ट केलेल्या माणसाला रात्री निर्धास्तपणे चार तास झोप मिळाली आणि संकटाच्या वेळी दहा-पंधरा सेकंद आधी जाग आली, तर या तारेचे काम झाले असे समजावे. शेतकरी बंधूंनी आपल्या शेतात राहणाऱ्या प्रत्येक मुक्कामासाठी, मग तो आपला असो वा कामगारांचा, ही व्यवस्था या हंगामापासून सुरू करावी.